उदरीय क्षयरोग

उदरगुहेतील (पोटाच्या पोकळीतील) आतडी, पर्युदर (उदरगुहेचे अस्तर असलेले पातळ पटल) आणि लसीका ग्रंथी (ऊतकांतून निघून रक्तात मिसळणारा द्रव गाळणाऱ्या ग्रंथी) यांना मायकोबॅक्टिरियम ट्युबरक्युलॉसिस या सूक्ष्मजंतूंच्या संसर्गामुळे होणाऱ्या रोगाला ‘उदरीय क्षयरोग’ म्हणतात. यकृत, प्लीहा, अग्निपिंड व स्त्रियांची आंतरिक जननेंद्रिये यांनाही हा रोग होतो, पण त्याचे प्रमाण कमी असते. या रोगात खोकला किंवा थुंकीतून रक्त पडणे ही क्षयाची सर्वपरिचित लक्षणे बहुधा नसतात. पोटात गाठ लागणे, पोटात पाणी साठणे, अन्नावरची वासना उडणे व वजन झपाट्याने घटणे ही त्याची मुख्य लक्षणे उदरातील कर्करोगातही आढळतात. त्यामुळे एका रोगाची दुसऱ्याशी गल्लत होण्याचा संभव फार असतो. उदरीय क्षयरोग औषधांनी बहुधा पूर्ण बरा होतो, तर कर्करोगात वाया गेलेला प्रत्येक महिना रोग्याला महाग पडतो. म्हणून या दोहोंतील विभेदक निदान हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा प्रश्न नसून रोग्याच्या जीवितमरणाचा प्रश्न आहे.

इतिहास : फ्रान्सचा राजा तेरावा लुई याच्या १६४३ मध्ये झालेल्या शवपरीक्षेत आतड्यातील व्रण आणि फुप्फुसातील मोठी पोकळी आढळल्याची नोंद असून ती आंत्रक्षयाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक मानली जाते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या सूक्ष्मजंतूंचा शोध जाहीर केला. त्यानंतर पोटातील पुष्कळशा ‘गाठीं’चे खरे कारण उकलू लागले. न्यूयॉर्क येथील बी. बी. क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये शेषांत्राचा (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा) एक स्वतंत्र दाहयुक्त रोग वर्णन केला. पुढे क्रोन यांच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. तेव्हापासून निदानाचा प्रश्न क्षय, कर्करोग व क्रोन रोग असा तिपेडी झाला. भारतात हा प्रश्न विशेष तीव्र असल्याने येथील वैद्यांनी त्यावर महत्त्वाचे कार्य केले आहे. एस. एस. आनंद यांनी १९५६ मध्ये उंडुकाच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागाच्या) अतिवृद्धियुक्त क्षयाच्या ५० रोग्यांचे विवरण प्रसिद्ध केले. एच. डी. टंडन व ए. प्रकाश यांनी १९७२ मध्ये आंत्रक्षय व क्रोन रोग यांच्या विकृतींतील भेद स्पष्ट केले. मुंबई येथील एस. के. भन्साळी यांनी १९७७ मध्ये उदरीय क्षयाच्या ३०० रोग्यांचा अनुभव नोंदविला.

संप्राप्ती : सूक्ष्मजंतू उदरात अनेक मार्गांनी पोहोचतात. फुप्फुसाचा क्षय झालेल्या रोग्याने स्वतःची थुंकी गिळल्यास, पूर्वी झालेल्या व सुप्त राहिलेल्या संसर्गातील जंतू रक्तावाटे पसरल्यास, तसेच शेजारच्या रोगग्रस्त लसीका ग्रंथींतून किंवा गर्भाशयनलिकांतून संसर्ग पसरल्यास उदरीय क्षय होतो. जनावरांच्या क्षयाचे जंतू (मायकोबॅक्टिरियम बोव्हिस) न उकळलेल्या दुधातून आतड्यात जाऊ शकतात. आपल्याकडे दूध उकळूनच पिण्याची चाल असल्यामुळे हा मार्ग बराचसा बंद झाला आहे.

आतड्यात हा रोग शेषांत्र व उंडुक यांच्या जोडावर सर्वाधिक आढळतो. या भागात लसीकाभ ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) विपुल असते, तेथे अन्नरस बराच काळ रेंगाळतो आणि शोषणाची क्रिया जोरात चालते. त्यामुळे जंतूंना आतड्याच्या भित्तीत शिरण्यास अवसर मिळतो. कुपोषण, मधुमेह, मद्यासक्ती, एचआयव्ही संसर्ग आणि रोगप्रतिकारक्षमता कमी करणारी औषधे यांमुळे रोग होण्याची शक्यता वाढते.

प्रकार : आतड्यातील रोगाचे तीन प्रकार मानतात. व्रणयुक्त प्रकारात आतड्याच्या आतील पटलावर व्रण पडतात. त्यांची दिशा बहुधा आडवी, म्हणजे आतड्याला कड्यासारखी वेढणारी असते. ते भरून येताना आतडे आवळले जाऊन संकोचयुक्त प्रकार निर्माण होतो. अतिवृद्धियुक्त प्रकारात उंडुकाची भित्ती जाड व कठीण होते, भोवतीची चरबी व ग्रंथी तिला चिकटतात आणि उजव्या कुशीत हाताला लागणारा गोळा तयार होतो. कर्करोगाशी सर्वाधिक साम्य या तिसऱ्या प्रकाराचे असते. पर्युदराच्या क्षयात पोटात पाणी साठते (जलोदर), किंवा पाणी न साठता आतडी व वपा (जठरापासून लोंबणारा पर्युदराचा चरबीयुक्त पदर) एकमेकांस चिकटून त्यांचा गोळा होतो.

लक्षणे : रोग बहुधा २० ते ४० या वयोगटात आढळतो, परंतु कोणतेही वय त्यातून सुटलेले नाही. संध्याकाळी येणारा बारीक ज्वर, रात्री घाम, क्षुधानाश, अशक्तता व वजन घटणे ही सार्वदेहिक लक्षणे होत. पोटात थांबून थांबून मुरडा येणे, जेवणानंतर पोट फुगणे व गुरगुरणे, कधी जुलाब तर कधी मलावरोध ही आतड्याच्या रोगाची लक्षणे आहेत. गुरगुरत फिरणारा गोळा थोड्या वेळाने आपोआप विरतो असे रोगी सांगतो. ही आतडे अरुंद झाल्याची महत्त्वाची खूण होय. स्त्रियांत पाळी बंद होणे वा वंध्यत्व हे पहिले लक्षण असू शकते. निम्म्याहून अधिक रोग्यांत छातीची क्ष-किरण प्रतिमा निर्दोष असते. म्हणून ‘छाती स्वच्छ, तेव्हा क्षय नाही’ हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा ठरतो.

कर्करोगाशी साम्य : गल्लत मुख्यतः चार ठिकाणी होते.

(१) उंडुक : उजव्या कुशीतील कठीण गोळा, पांडुरोग व घटलेले वजन हे चित्र उंडुकाच्या कर्करोगाचेही असते. क्षयात शेषांत्राचा शेवटचा भाग बहुधा बाधित असतो, शेषांत्र व उंडुक यांमधील झडप विस्फारलेली असते आणि आवळलेले उंडुक आपल्या जागेवरून वर ओढले जाते. कर्करोगात उंडुकाच्या एकाच बाजूला उंचवटेदार कडा असलेली वाढ दिसते व शेषांत्र सहसा वाचते. तथापि या खुणांना अपवाद पुष्कळ आहेत.

(२) पर्युदर व अंडाशय : ही गल्लत सर्वांत घातक होय. तरुण स्त्रीच्या पोटात पाणी, अंडाशयाजवळ गाठ, जाड झालेली वपा आणि रक्तात सीए-१२५ या पदार्थाचे वाढलेले प्रमाण आढळले की अंडाशयाच्या पसरलेल्या कर्करोगाचे चित्र पुरे होते. पण पर्युदराच्या क्षयातही हे चारही घटक असू शकतात. सीए-१२५ चे प्रमाण प्राकृतावस्थेत (सामान्य स्थितीत) दर मिलि. रक्तद्रवात ३५ एककांपेक्षा कमी असते. क्षयात ते कित्येक शेकड्यांपर्यंत चढते व उपचारानंतर उतरते. हा पदार्थ पर्युदराच्या क्षोभामुळेही स्रवत असल्याने त्याची वाढ म्हणजे कर्करोगाचा पुरावा नव्हे. केवळ या आकड्यावर विसंबून गर्भाशय व दोन्ही अंडाशय काढून टाकल्यास औषधांनी बरी होऊ शकणारी स्त्री मातृत्वाला कायमची मुकते.

(३) लसीका ग्रंथी : आंत्रबंधातील (आतड्यांना पाठीच्या भित्तीशी जोडणाऱ्या पटलातील) व महारोहिणीभोवतीच्या मोठ्या ग्रंथी पाहून लसीकार्बुदाची (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची) शंका येते. सीटी स्कॅनमध्ये (संगणकाच्या साहाय्याने मिळविलेल्या आडव्या छेदांच्या क्ष-किरण प्रतिमेत) ग्रंथीचा मध्य काळसर व कडा उजळ दिसल्यास ते क्षयाच्या बाजूचे लक्षण समजतात. मात्र इतरत्र पसरलेल्या कर्करोगाच्या ग्रंथीही अशा दिसू शकतात.

(४) अग्निपिंड व यकृत : येथील क्षय विरळा आहे. अग्निपिंडाच्या शीर्षाजवळ गाठ व कावीळ असे चित्र असल्यास कर्करोगाचेच निदान प्रथम सुचते व क्षयाचे निदान कित्येकदा शस्त्रक्रियेनंतर होते.

पीईटी स्कॅन या आधुनिक प्रतिमेतही क्षयाच्या जागा कर्करोगाप्रमाणेच उजळतात, कारण ग्लुकोजाचे ग्रहण दोन्ही विकृतींत वाढलेले असते. कोणतीही प्रतिमा रोग कोठे व किती आहे हे सांगते; तो कोणता आहे हे ऊतकच सांगते.

निदान : रक्ताचा अवसादन वेग (तांबड्या कोशिका तळाशी बसण्याचा वेग) दोन्ही रोगांत वाढतो. ट्युबरक्युलीन त्वचा परीक्षा आपल्याकडे फारशी निर्णायक नाही, कारण पुष्कळ निरोगी व्यक्तींनाही पूर्वी संसर्ग झालेला असतो.

पोटात पाणी असल्यास ते सुईने काढून तपासणे ही पहिली पायरी होय. क्षयात ते बहुधा पिवळसर व प्रथिनयुक्त असते आणि त्यात लसीका कोशिकांचे आधिक्य असते. रक्तद्रव व हे पाणी यांतील अल्ब्युमिनाच्या प्रमाणांतील फरक दर डेसिलिटरला १·१ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास यकृत सूत्रण रोगामुळे झालेल्या साध्या जलोदराची शक्यता मागे पडते. ॲडिनोसीन डीॲमिनेज या एंझाइमाचे प्रमाण दर लिटरला सु. ४० एककांहून अधिक आढळल्यास क्षयाची शक्यता बळकट होते. ही चाचणी स्वस्त असून जिल्ह्याच्या ठिकाणीही करता येते. पण लसीकार्बुद व पूयुक्त संसर्ग यांतही हे प्रमाण वाढू शकते. पाण्यातील कर्ककोशिकांचा शोध त्याच नमुन्यात घेतला पाहिजे. पाण्यात क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच सापडतात. जंतूंतील आनुवंशिक द्रव्य शोधणाऱ्या सीबीनॅट व ट्रूनॅट या चाचण्या काही तासांत उत्तर देतात व रिफँपिसीन या औषधाला जंतू दाद देतील की नाही हेही सांगतात. होकारार्थी उत्तर फार मोलाचे असते. नकारार्थी उत्तराने मात्र क्षय नाही असे ठरत नाही, कारण उदरातील रोगात जंतूंची संख्या मुळातच थोडी असते.

निर्णायक पायरी जीवोतक परीक्षेची (ऊतकाचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची, बायॉप्सीची) असते. आतड्याच्या रोगात गुदमार्गाने लवचिक नळी घालून बृहदांत्रदर्शन (कोलोनोस्कोपी) करतात व व्रणाच्या कडेतून आणि तळातून अनेक तुकडे घेतात. पर्युदराच्या रोगात पोटाला लहान छिद्र पाडून उदरगुहादर्शन (लॅपरोस्कोपी) करतात. क्षयात पर्युदरावर बाजरीच्या दाण्यांएवढे पांढरट कण विखुरलेले दिसतात. कर्करोगाचे कणही डोळ्यांना तसेच भासू शकतात, म्हणून नुसते पाहून न थांबता तुकडा घेणे अवश्य असते. मोठी शस्त्रक्रिया सुरू करण्यापूर्वी तुकडा गोठवून तत्काळ तपासण्याची सोय असल्यास अनावश्यक अंगच्छेद टळतो. सूक्ष्मदर्शकाखाली मध्यभागी किलाटी (चक्का दह्यासारखा) ऊतकमृत्यू असलेली कणार्बुदे दिसणे हे क्षयाचे वैशिष्ट्य होय. ऊतकमृत्यूविरहित कणार्बुदे क्रोन रोगात, तसेच कर्करोगाच्या शेजारील ग्रंथींतही आढळतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

येथे एक साधी चूक वारंवार निदान हुकवते. काढलेला सर्व तुकडा फॉर्मॅलिनाच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मॅलिनामुळे जंतू मरतात व संवर्धन (जंतू वाढवून ओळखणे) अशक्य होते. म्हणून दोन बाटल्या लागतात : सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी फॉर्मॅलिनाची व जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक लवण विद्रावाची. दुसऱ्या बाटलीचा खर्च नगण्य असतो, पण ती नसल्यास रोग्याला पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागण्याची शक्यता असते.

उपचारांद्वारे निदान : सर्व तपासण्या होऊनही काही रोग्यांत निश्चित पुरावा मिळत नाही. अशा वेळी क्षयाची शक्यता प्रबळ असल्यास औषधे सुरू करून परिणाम पाहतात. ही पद्धत उपयुक्त आहे, पण तिला तीन अटी आहेत. कर्करोगाचा शोध शक्य तितका पूर्ण झालेला असावा. फेरतपासणीची तारीख आधीच ठरलेली असावी, व ती बहुधा दोन महिन्यांनंतरची असते. आणि सुधारणा मोजता येण्याजोगी असावी. ज्वर उतरणे, वजन वाढणे, जलोदर नाहीसा होणे व दर्शकातून पाहता व्रण भरून आलेला दिसणे या मोजता येणाऱ्या खुणा होत. ‘थोडे बरे वाटते’ एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे असते. ठरलेल्या तारखेला सुधारणा दिसली नाही, तर औषधांची मुदत वाढवीत न राहता पुन्हा ऊतक घ्यावे, कारण तेव्हा कर्करोग, लसीकार्बुद, क्रोन रोग किंवा औषधांना दाद न देणारा क्षय यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता असते.

चिकित्सा : आयसोनायझीड, रिफँपिसीन, पायराझिनामाइड व एथँब्युटॉल ही चार औषधे दोन महिने आणि त्यांपैकी पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन पुढील चार महिने, रोग्याच्या वजनाप्रमाणे मात्रा ठरवून दररोज देतात. रिफँपिसिनामुळे लघवी तांबूस होते, त्यात भिण्यासारखे काही नसते. कावीळ, उलट्या किंवा दृष्टी मंदावणे ही लक्षणे दिसल्यास मात्र वैद्यास त्वरित कळविणे अगत्याचे असते. व्रण भरून येताना आतडे अधिक आवळले जाऊ शकते. त्यामुळे जंतुनाश होत असूनही पोट फुगणे व उलट्या वाढू शकतात. असा आंत्ररोध, आतड्याला भोक पडणे किंवा रक्तस्राव यांसाठीच शस्त्रक्रिया करतात. अलीकडे ती शक्य तितकी मर्यादित ठेवून अरुंद भाग रुंद करण्यावर भर देतात. औषधे मध्येच सोडल्यास जंतू त्यांना दाद देईनासे होतात.

वऱ्हाडातील परिस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील क्षयाच्या नव्या रोग्यांपैकी सु. एक चतुर्थांश भारतात असतात. त्यामुळे अमरावती–अकोल्यासारख्या प्रदेशात तरुण वयाच्या रोग्याच्या पोटात गोळा वा पाणी आढळले की क्षयाचा विचार पहिल्या रांगेत असावा लागतो. या प्रदेशात वैद्यकीय शिक्षणाच्या व विशेष तपासण्यांच्या सोयी उशिरा आल्या. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये, तर अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये स्थापन झाले. अमरावतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मधील आहे. तोपर्यंत अवघड निदानासाठी अमरावतीहून सु. १५० किमी. व अकोल्याहून सु. २५० किमी. दूर असलेले नागपूर, किंवा टाटा स्मारक रुग्णालयासाठी (स्थापना १९४१) मुंबई गाठणे हा एक प्रमुख मार्ग होता. कर्करोगाच्या शंकेने आजही पुष्कळ रोगी हीच वाट धरतात.

धारणी व चिखलदरा या मेळघाटातील तालुक्यांत अंतराची अडचण अधिक जाणवते. तेथील कोरकू समाजात आजारी माणूस प्रथम भुमक्याकडे (पारंपरिक उपचार करणाऱ्याकडे) नेण्याची रीत आहे आणि पोट फुगलेल्या बालकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची घातक प्रथाही आढळते. पोटावरील असे वण दिसल्यास तक्रार जुनी असण्याचा विचार करून वैद्याने तिचा इतिहास खोलवर विचारणे इष्ट असते. मैदानी भागातील शेतमजुरांना कापसाच्या वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दवाखाना गाठणे परवडत नाही, व तपासणी लांबणीवर पडते.

तालुक्याच्या गावी सोनोग्राफी (श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने घेतलेली प्रतिमा) होते आणि अहवालात कर्करोगाची शंका नोंदविली जाते. ती शंका घरात निदान म्हणूनच ऐकली जाते. मग काही कुटुंबे शेत गहाण टाकून दूरचे शहर गाठतात, तर काही ‘आता उपाय नाही’ असे समजून रोग्याला घरीच ठेवतात. दुसरा प्रकार अधिक दुःखद होय, कारण त्यातील काही रोगी सहा महिन्यांच्या औषधांनी कामावर परतू शकले असते. याच्या उलट, वृद्ध रोग्याला तपासणीविना क्षयाची औषधे सुरू करून महिनोन्‌महिने घालविणे हीही तेवढीच गंभीर चूक आहे. दोन्ही चुकांवर उपाय एकच : जीवोतक परीक्षेचे उत्तर हाती येईपर्यंत कोणत्याही बाजूचा अंतिम शब्द उच्चारू नये.

शासकीय साहाय्य : भारतात राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला व १९९७ पासून तो सुधारित स्वरूपात राबविला गेला. २०२० मध्ये त्याला राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रम हे नाव मिळाले. २०१२ पासून प्रत्येक रोग्याची नोंद शासनाला कळविणे खाजगी वैद्यांसही बंधनकारक आहे. औषधे विनामूल्य मिळतात. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देण्यात येत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. ही मदत उदरीय क्षयाच्या रोग्यांनाही लागू आहे. महाराष्ट्र शासनाची जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावतीचा समावेश होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले.

फलानुमान व प्रतिबंध : वेळीच व पूर्ण उपचार झाल्यास बहुसंख्य रोगी बरे होतात. फुप्फुसे निरोगी असल्यास उदरीय क्षयाच्या रोग्यापासून इतरांना संसर्ग होत नाही, त्यामुळे त्याचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नसते. तथापि रोग्याची थुंकी व घरातील माणसे यांची तपासणी करून घ्यावी. दूध उकळून पिणे, सकस आहार आणि खोकणाऱ्या रोग्यावर लवकर उपचार हे प्रतिबंधाचे मुख्य मार्ग आहेत. तीन आठवड्यांहून अधिक टिकणारी पोटदुखी, बारीक ज्वर व घटते वजन ही तीन लक्षणे एकत्र आढळल्यास तपासणी पुढे ढकलू नये.

[⟶ आंत्ररोध; कर्करोग; क्षयरोग; जलोदर; जीवोतक परीक्षा].